लांब उडीच्या खड्ड्यात निजलेली शाळा

मी आणि हौसानं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ढेकूण मारणं.

लोक म्हणतात, म्हातारपणी जोडीनं देवाला जावं, ओटी भरावी. आम्ही खाट अंगणात काढली. मी ती तिरकी धरली आणि हौसा फटीफटीतनं उकळतं पाणी ओतत होती.

"नीट धरा की! हातात जीव हाय का न्हाय?"

"माझ्या पायावर वततीयास! तुला डोळं हायत का न्हायत?"

एवढंच प्रेमाचं बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला आणि आठवडा उलटायच्या आत ती गेली. (ढेकूण मात्र राहिले. तेही माझं कधी ऐकत नव्हते.)

हौसा शाळेत शिपाईण होती. मे महिन्यात शाळेला सुट्टी, पण हौसाला नव्हती. कुणाची आई नर्स, कुणाची मास्तरीण, कुणाचं शाहूपुरीत दुकान. अशांची बारकी पोरं ती दिवसभर शाळेच्या ओट्यावर सांभाळायची. पोरं तिला मावशी म्हणत. सगळे त्याला सुट्टीचा वर्ग म्हणत. आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळं मे महिना आला की हौसाच्या अंगात वारं भरायचं. मी तालमीतला वस्ताद. गुडघे गेल्यापासून घरात बसून तिला शहाणपण शिकवायचं, एवढंच काम उरलं होतं.

ती गेली तेव्हा वर्ग नुकता सुरू झाला होता. तिचं दिवसकार्य झाल्यावर शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या.

"वस्ताद, वर्ग बंद करावा लागेल. दुसरं माणूस मिळत नाही."

"मी हाय की!"

"तुम्ही?"

"पैलवान सांभाळल्यात मी, बाई! एकेक रेड्यागत. ह्या चिल्लीपिल्लीचं काय घेऊन बसलाय?"

खरं सांगायचं तर वर्ग बंद पडला असता तर दिवसभर त्या घरात मी आणि चार भिंती, आणि त्याची मला भीती वाटत होती. पण पैलवानानं भीती वाटते म्हणून सांगायचं कुणाला? म्हणून छाती फुगवली.

बाई म्हणाल्या, "बरं. पण एक जरी तक्रार आली तर बंद. आणि दुपारी उन्हाच्या वेळी मुलं झोपलीच पाहिजेत."

झोपलीच पाहिजेत! पैलवानाला पाडता येतं, पोराला झोपवता येत नाही, हे मला पहिल्याच दुपारी कळलं. नर्सबाईंची कुसुम माझ्यावर मुकादम असल्यागत लक्ष ठेवून होती.

"आबा, मावशी असं न्हाय करत. मावशी थोपटती."

थोपटलं. आता माझा हात तो डाव टाकायचा हात! थोपटलेला बंड्या उठून बोंबलायला लागला आणि त्याच्या बोंबेनं पेंगुळलेली चार उठली.

"आबा, मावशी गोष्ट सांगती."

सांगितली. मला गोष्ट एकच येते: कोडोलीच्या जत्रेत मी एक पैलवान चितपट केला ती. नुसतं बोलून डाव कळत नाही म्हणून उभा राहून दाखवला. मग पोरांनी दाखवला. एकमेकांवर! ओट्यावर अशी दंगल माजली की बंड्याचा दात पडला. (हलतच होता. पण हे त्याच्या आईला कोण सांगणार?)

तेव्हा माझ्या डोक्यात तो विचार आला. माझ्या डोक्यात विचार सहसा येत नाही. आला की मी त्याला सोडत नाही.

तालमीत उन्हाळ्यात मेहनत झाली की दमलेल्या गड्याला लाल मातीत छातीपर्यंत झाकून निजवतात. ताक, हळद, तेल, लिंबू मुरलेली गार माती. अंगातली सगळी उष्णता ओढून घेते. अंगाची याच्या वर दुसरी चाकरी नाही! दुसऱ्या दिवशी मी तालमीतल्या गड्यांना कामाला लावलं, पाट्यापाट्यानं माती आणली आणि शाळेच्या लांब उडीच्या खड्ड्यात कडुलिंबाच्या सावलीला पसरली. पोरांना आधी पळवलं, बैठका काढायला लावल्या. मग थंडाई: दूध, बदाम, बडीशेप, खसखस. खसखस जरा सढळ हातानं.

"माझ्या फ्रॉकला माती लावायची न्हाय," कुसुम म्हणाली. बाकीची मातीत खिदळताना बघून थोड्या वेळानं म्हणाली, "आबा, मलाबी."

एकेकाला ओळीनं निजवून छातीपर्यंत झाकलं. बघता बघता सगळी शाळा गाढ! लाल मातीतनं मुंडकी तेवढी वर, शेतात कोबीचे गड्डे असावेत तशी. मी कमरेवर हात ठेवून बघत राहिलो. मनात म्हटलं, हौसे, बघ! तुला जमलं नव्हतं असं एकाच वेळी सगळ्यांना.

मग थंडाईची भांडी घासायला मागच्या नळावर गेलो. घासली. भिंतीला जरा पाठ टेकली. थंडाई मीही प्यालो होतो.

तेवढ्यात बर्फगोळेवाल्यानं गिऱ्हाईक बघायला गडग्यावरनं आत डोकावलं. त्याला ओळीनं मुंडकी दिसली. तो गाडी सोडून पळत सुटला!

"अवो, म्हाताऱ्यानं पोरं पुरली! बायको मेल्यावर टकुरं फिरलं त्याचं!"

मी जागा झालो तो बायकांच्या कालव्यानं. पुढं जाऊन बघतो तर आया खड्ड्यात उतरून हातांनी माती उकरत होत्या. पोरं सगळी लाल. कोण कुणाचं कळेना!

"अगंबाई, हे माझं न्हवं!"

"मग माझं कुठं हाय?"

नर्सबाई कुसुमची नाडी धरून माझ्यावर गरजल्या, "काय पाजलंय ह्यांस्नी?"

"थंडाई."

"म्हंजे भांग!"

"भांग न्हाय ओ, आईच्यान! नुसती खसखस."

"खसखस म्हंजे अफूचंच बी की ओ!"

आता हे मला काय ठाऊक? आमच्या तालमीत ती अक्कल वाढवायला देतात. (वाढते की नाही, ते माझ्याकडं बघून ठरवा.)

मी भांडायला तोंड उघडलं होतं. माती कसली औषधी आहे, थंडाईत किती बदाम आहेत, सगळं सांगणार होतो. तोवर दिसलं, सगळ्यात बारका बाळू आईच्या खांद्यावर हुंदके देत होता. तो सगळ्यांच्या आधी जागा झाला होता. मातीखालून हात वर निघेनात म्हणून घाबरला, हाका मारत राहिला. आणि हाका कुणाला मारत होता? मावशीला. अजूनही तेच चाललं होतं, "मावशी, मावशी."

हौसा आता येणार नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

त्याची आई ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "वस्ताद, माती असू दे, दूध असू दे. मावशी पोरं निजली की उशाशी बसून असायच्या. तुमी कुठं हुता?"

मी नळावर घोरत होतो. 

हौसा दुपारभर काय करते, असं मी तिला वर्षानुवर्षं हिणवलं होतं. "पोरं झोपल्यात आन तू नुसती बसल्यालीस!" नुसतं बसणं हेच सगळ्यात अवघड काम होतं, आणि त्याला ताकद लागत नव्हती.

धावत आलेल्या मोठ्या बाईंनी तिथंच सांगितलं, "उद्यापासून मी स्वतः वर्गावर बसेन. वस्ताद, तुम्ही आता विश्रांती घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि शाळेत गेलो. पोरं ओट्यावर ओळीनं बसली होती. बाळूची आई त्याला सोडायला आली होती; मला बघून तो तिच्या पदरामागं सरला नाही, एवढं माझं नशीब.

बाईंनी चष्म्यावरनं बघितलं. "वस्ताद, मी काल काय म्हणाले?"

"वर्गावर तुमी बसा, बाई. मी वर्गात बसतो. पोरांत."

"पोरांत?"

"घरी बसवत न्हाय ओ."

बाईंनी कुसुमला जरा सरकायला लावलं. मग म्हणाल्या, "बसा. कुसुमच्या शेजारी. पण वर्गाचा नियम सगळ्यांना सारखा. नखं दाखवा."

मी दोन्ही हात पुढं केले. नखांत लाल माती गच्च!

"बाई, आबाची नखं घाण हायत!" कुसुमनं जाहीर केलं. बाईंनी नळाकडं बोट दाखवलं.

सगळी जिंदगी शाळेपासून लांब पळालो. शेवटी सत्तरीला पोचल्यावर शाळेत बसायला मिळालं, आणि पहिल्याच तासाला बाहेर काढला! नळावर हात घासले आणि ह्या मोडक्या गुडघ्यांनी पळत परत आलो. कुसुमच्या शेजारची जागा बंड्यानं घेतली तर काय करायचं?