विमलमावशींचा रंधा

नोकरीच्या पहिल्या दिवशी कंपनीनं माझ्या हातात ओळखपत्र दिलं आणि विमलमावशींनी बांगड्या.

यंत्रं परदेशी पाठवायची लाकडी खोकी बनवणाऱ्या चाकणच्या एका शेडमध्ये मी सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो होतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. इस्त्रीचा शर्ट, हातात नियमांची वही. साडीवर पुरुषी शर्ट घातलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई खोक्याच्या झाकणापाशी उभ्या होत्या. मी वही उघडून "फिरत्या यंत्राजवळ दागिने..." एवढंच म्हणालो, तर त्यांनी मनगटातल्या हिरव्या बांगड्या उतरवून माझ्या तळहातावर ठेवल्या. "धरा सायब. फुटल्या तर आमच्या मालकांना तोंड तुमी दाखवा."

आणि त्यांनी बॅटरीचा रंधा उचलला. अर्धा तास मी ओंजळ करून उभा होतो. सगळी शेड गालात हसत होती. प्रत्येक नवीन साहेबाच्या हातात मावशी बांगड्या देतात, हे मला दुपारी जेवताना कळलं.

नवऱ्याची पिंपरीतली कंपनी बंद पडली तेव्हा मावशी इथे खिळे वेचायला लागल्या होत्या. रंधा चालवणारा मिस्त्री काम सोडून गेला आणि ऑर्डर अडली, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी बघू का?" सुपरवायझर पाटोळे हसले. "मावशी, तुम्हाला उचलेल का ते यंत्र?" मावशींनी ते उचललं आणि म्हणाल्या, "नातवापेक्षा हलकं हाय. आन् रडत बी न्हाई."

माझ्या वहीत बावीस नियम होते. मावशींकडे तेच होते, पण ते लोकांच्या लक्षात राहायचे. जुन्या फळ्यांत खिळे असतात, म्हणून त्या दोरीला बांधलेलं लोहचुंबक आधी फळीवरून फिरवायच्या. "लाकडाच्या पोटात काय हाय त्ये बघावं, मगच त्येच्याशी गोड बोलावं." बटण सोडल्यावर कुणी लगेच रंधा खाली टेकवला, तर लांबून ओरडायच्या, "थांब रं! बटण सोडलं म्हंजी पातं थांबलं न्हाई. भांडणातल्या बाईवानी त्ये जरा उशिरा थांबतंय." एकदा रंध्याचं भुसा बाहेर टाकायचं तोंड तुंबलं आणि पाटोळे बोट घालायला निघाले. मावशींनी शांतपणे बॅटरी काढून स्वतःच्या खिशात टाकली. "घाला आता बोट. आदी इचारलं असतं तर काडी दिली असती."

मी खोली घेऊन एकटाच राहायचो. मावशी डब्यात माझ्यासाठी एक भाकरी जास्त आणायच्या आणि चारचौघांत म्हणायच्या, "सायबांना नियम खाऊन ढेकर येत न्हाई."

पावसाळा संपता संपता मावशींचे, भुसा डोळ्यांत जाऊ नये म्हणून लावायचे गॉगल बिघडू लागले. "ह्येच्यातनं धुकं दिसतंय." महिन्यात तीन बदलून दिले. मी गॉगलच्या दुकानदाराला कडक पत्र लिहिलं, मग स्मरणपत्र, मग आणखी एक. बिचाऱ्यानं माफी मागून अख्खं खोकं फुकट पाठवलं. मावशींनी सगळे लावून बघितले. सगळ्यांत धुकं.

संक्रांत झाली आणि एका दुपारी मी त्यांना पाती बदलताना पाहिलं. बॅटरी काढून बाजूला ठेवली होती, तिथे चूक नव्हती. नवी पाती बसवल्यावर सरळ पट्टी लावून, पात्यांचा ढोल हातानं फिरवून बघायचं, पात्याला बोट लावायचं नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. आणि मावशी अंगठ्यानं पातं चाचपत होत्या. अंगठ्यावर बारीक कापल्याच्या रेघा होत्या.

"भाजी चिरताना," त्या म्हणाल्या.

मी पट्टी लावली. "मावशी, पट्टी आणि पात्याच्या मधे फट दिसते का?"

"न्हाई."

त्या फटीतून पलीकडची खिडकी दिसत होती.

रंधा कोणी चालवायचा याची यादी भिंतीवर होती, खाली माझी सही. मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "सायब, आमी चार बायका ह्या शेडमधी. खिळं येचतो, भुसा झाडतो. एका बाईचं नाव भिंतीवर हाय. त्ये तुमी खोडणार?"

त्यांची भाकरी खाऊन मी सहा महिने काढले होते. मी नाव खोडलं.

आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. रोज सकाळी माझ्या ऑफिसच्या दारात भुशाचा ढीग सापडायचा. चहा बिनसाखरेचा यायचा. नवव्या दिवशी चऱ्होलीहून त्यांचा मुलगा येऊन त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. तीन महिन्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मावशी शेडमध्ये आल्या आणि माझ्याकडे बघून थबकल्या. "सायब, तुमाला मिशी हाय व्हय? मला वाटायचं तोंडाला भुसा लागलाय."

मग शेडभर फिरल्या. कोपऱ्यात एका रद्द झालेल्या ऑर्डरचं झाकण उभं होतं. त्याच्या कडेवरून त्यांनी नजर फिरवली, मग हात. "ह्ये कुनी रंधलं? सुरवातीला खड्डा, शेवटाला खड्डा, मधी डोंगर! हात हुते का पाय?"

पाटोळे छताचे पत्रे मोजू लागले. मावशींनी झाकण उलटं केलं. काम करणाऱ्यानं आतल्या बाजूला खडूनं आपलं अक्षर घालायची आमच्याकडे पद्धत होती. निळ्या खडूनं लिहिलं होतं, 'वि'.

त्यांनी त्या अक्षरावरून अंगठा फिरवला.

"ह्ये कवाचं?"

"दिवाळीआधीचं," मी म्हणालो.

"आन् माजं नाव कवा खोडलं?"

"संक्रांतीनंतर."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. "मंग येवढं दिस काय करत हुता?"

"मावशी, मला कळलंच नव्हतं."

"कळलं नव्हतं का कळून घ्यायचं नव्हतं?"

त्या हसल्या नाहीत. "पुढच्या येळंला लवकर खोडा. मी असो न्हाईतर दुसरं कुनी. रुसलं तर रुसू दे."

पाटोळ्यांनी न सांगता रंधा आणून समोर ठेवला. झाकण कामाच्या टेबलावर आडवं घालून कसून बसवलं. मावशींनी दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"आदी भिंतीवर नाव लिवा. तवर मी हात लावायची न्हाई."

मी पेन आणायला पळालो.

"आन् अक्षर नीट काढा सायब," मागून आवाज आला. "आता मला दिसतंय."