कोल्ड्रिंकवाल्याचं रक्त

शेलूबाजारला हायवेच्या कडेला माझं कोल्ड्रिंकचं दुकान आहे. मागच्या दिवाळीनंतर थंडी पडली आणि माझ्या नडग्यांवर जांभळे ठिपके उठले. दाबले तरी पुसट होईनात. फ्रीजमधून बाटल्या काढल्या की बोटंही निळी पडून सुन्न व्हायची.

शेजारचा पानवाला म्हणाला, "मच्छर चावले असतीन."

बायको म्हणाली, "मच्छराईले काई चव हाये का नाही? यायले कोन चावते?"

गावातल्या डॉक्टरांनी ॲलर्जीचं मलम दिलं. त्यानं ठिपके चकाकायला लागले, एवढाच फरक. पुढे सांधे धरले, घोट्यावर जखम झाली, तेव्हा बायकोनं मला जीपमध्ये कोंबून अकोल्याला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या रक्तात अशी प्रथिनं असावीत, जी थंडीत गोळा होतात. त्यानं बारीक रक्तवाहिन्या सुजतात." तपासायचं तर रक्त काढल्यापासून कोमटच ठेवावं लागणार होतं. लॅबवाल्यानं नळी कोमट पाण्याच्या थर्मासमध्ये ठेवली आणि तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून नेली. माझे असे लाड सासुरवाडीतही कधी झाले नाहीत. नंतर रक्तातलं वरचं पिवळसर पाणी वेगळं काढून काही दिवस फ्रीजमध्ये ठेवलं, तर तळाशी पांढरा गाळ बसला. आजार पक्का झाला.

मूळ निघालं यकृतात, हिपॅटायटिस सी. हा विषाणू जुन्या सुईतून, वस्तऱ्यातून, गोंदणातून, कुठूनही येऊ शकतो, असं बाई म्हणाल्या. बायकोनं माझी बाही वर केली. लग्नाआधी जत्रेत गोंदवलेला बदाम होता तिथे, आत एक अक्षर. तिच्या नावाचं नव्हे.

"आता ते शोधून उपयोग नाही," बाई म्हणाल्या.

"तुमाले नसन. मले हाये," बायको म्हणाली.

परतताना जीपमध्ये ती माझ्याकडे पाठ करून बसली, पण माझ्या पायांवर स्वतःची शाल टाकली.

तीन महिने गोळ्या घेतल्या. विषाणू गेला, जखम भरली, ठिपके विरले. तरी गार वस्तूला हात लावायचा नाही, अशी ताकीद आहे. आता बाटल्या बायको काढते आणि मी लोकरीचे हातमोजे घालून गल्ल्यावर बसतो. उन्हाळ्यात गिऱ्हाईक माझ्याकडे पाहून आधी विचारतं, "भाऊ, थंडं हाये ना?"

"हाये," बायको आतून सांगते. "त्यायच्याकडं नका पाहू."