खिंडीतल्या जाळ्या

वस्तीत तिला सगळे ‘पावसाकडची’ म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा बायकांनी चेष्टेत ठेवलेलं नाव, ते चिकटलं ते चिकटलंच. आणि ते खोटंही नव्हतं. डोंगरांच्या मोठ्या रांगेपलीकडे तिचं माहेर. तिकडच्या समुद्रावरून येणारा वारा गरम असायचा, पोटात पाणी घेऊन यायचा. डोंगराला थडकून वर चढता चढता गार पडायचा आणि होतं नव्हतं ते सगळं तिच्या माहेरच्या छपरांवर रिकामं करायचा. कपडे वाळायचे नाहीत, पिठाला बुरशी धरायची आणि तिची आई उठल्यापासून आभाळाला शिव्या घालायची. तोच वारा रांग ओलांडून अलीकडे उतरायचा तेव्हा त्याच्याकडे धुळीशिवाय द्यायला काही उरलेलं नसायचं.

अलीकडे सासर. इथेही खाली समुद्र होताच, वेगळा, अगदी दारातून दिसणारा. तरी पाऊस नाही. तिनं नवऱ्याला विचारलं, “समोर एवढं पाणी, आणि आभाळातून थेंब पडत नाही, हे काय गौडबंगाल?” नवरा हसत म्हणाला, “बाबांना विचार. त्यांना सांगायला आवडतं.”

बाबा म्हणजे तिचे सासरे. त्यांना वस्ती ढगोबा म्हणायची, तेही तोंडावर, आणि म्हातारा खुशाल ओ द्यायचा. त्यांनी नव्या सुनेला ओट्यावर बसवलं आणि हातवारे करून समजावलं. “हा समुद्र थंड आहे, पोरी. पार पृथ्वीच्या टोकाकडचं पाणी किनाऱ्या-किनाऱ्यानं इथवर येतं. त्याच्यावरची हवा गार, जड. ती वर उठतच नाही. त्यात वरून दुसरी हवा उतरते. जिथे ऊन डोक्यावर तळपतं तिथे ती उंच गेलेली असते, पाणी तिकडेच ओतून मोकळी झालेली. ती कोरडीठाक होऊन इथे खाली येते आणि झाकण घालून बसते. आता झाकणाखालचा ढग उंच चढणार कसा? आणि उंच चढला नाही तर पाऊस कुठला?”

“मग तुम्ही पिता काय?”

“ढग चढत नाही, पण सरकतो ना. सरकत सरकत आपल्या डोंगराला लागतो. आपण त्याला धरायचं.”

म्हातारा आपली फिरकी घेतोय असंच तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती सासऱ्यांच्या मागून डोंगराच्या धारेवर गेली तेव्हा तिथे खांबांना ताणून बांधलेल्या काळ्या जाळ्या उभ्या होत्या, घराच्या भिंतीएवढ्या. धुकं त्यांच्यातून गाळून निघत होतं. तारेतारेवर थेंब धरत होते, एकमेकांना मिळून खाली पन्हळीत उतरत होते, आणि पन्हळीतून नळीनं वस्तीच्या टाकीत. ती बघतच राहिली. ज्या ओलीला तिची आई जन्मभर शिव्या देत आली, ती इथे माणसं जाळी लावून धरत होती.

त्या दिवसापासून ती जाळ्यांची झाली. फाटलेली जाळी विणायची, दोर ताणायचे, पन्हळीतली धूळ काढायची. सासऱ्यांची नजर अधू होत गेली तशी सगळी कामं आपसूक तिच्याकडे आली. एकच काम त्यांनी सोडलं नव्हतं. नवी जाळी उभी करायची तर आधी धुकं येऊ द्यायचं. मग ढगोबा धुक्यात डोळे मिटून उभे राहायचे आणि हळूहळू वळत जायचे. दोन्ही गाल सारखे ओले झाले की थांबायचे. तोंड जिकडे असेल, जाळीचं तोंड तिकडे. धुक्याचा वारा आणि दिवसाचा वारा एक नसतो, असं ते म्हणायचे. जाळी धुक्याला आडवी उभी राहिली तर पाणी, नाहीतर नुसतं कापड.

मग समुद्र बिघडला. इतका थंड समुद्र, तो कोमट झाला. दर काही वर्षांनी हे होतंच. पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलणारे मोठे वारे ढिले पडतात, खालचं गार पाणी वर येईनासं होतं आणि लांबवर साचलेलं गरम पाणी परत इकडे पसरतं. मग ज्यांच्याकडे पाऊस असतो त्यांच्याकडे दुष्काळ आणि भलत्यांच्याच दारात पूर. या वस्तीच्या वाट्याला दोन्ही आलं नाही. नुसतं धुकं गेलं. पण या वेळी गेलेलं धुकं परत यायचं नावच घेईना. टाकीचा तळ दिसला. खालून बंदरातून टँकर यायला लागला, तोही आला तर आला. भाजीचे वाफे करपले. माणसं भांडी पुसून ठेवायला लागली. पाण्यावरून कधी न भांडलेल्या बायका एकमेकींच्या हंड्यात डोकावून बघायला लागल्या. तिला त्याची लाज वाटायची, आणि ती स्वतःही डोकावायची.

शेवटी बंदरातल्या कचेरीतून निरोप आला. महिनाअखेरीपर्यंत जे खाली येतील त्यांना नव्या इमारतीत खोल्या मिळतील. त्यानंतर खोल्याही नाहीत आणि टँकरही नाही. नवरा आधीपासून बंदरात क्रेन चालवायचा, सुट्टीला घरी यायचा. तो म्हणाला, “चला ना आता. किती दिवस धुक्याची वाट बघणार?” ढगोबांनी एका वाक्यात विषय संपवला. “मला इथून न्यायचं असेल तर खांद्यावरून न्या.”

ते खरं करणारे गृहस्थ होते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सगळी वस्ती गेली असती तरी ते त्या ओट्यावर बसून राहिले असते. तहानेनं मेले असते, पण उठले नसते. तिचा जीव टांगणीला लागला. वस्ती वाचली तरच म्हातारा वाचणार होता.

तेव्हा तिला एक गोष्ट दिसली. धुकं अगदीच नाहीसं झालं नव्हतं, वर सरकलं होतं. कधीमधी पहाटे वरच्या खिंडीत पांढरी चिंधी अडकलेली दिसायची. जाळ्या खाली आणि ढग वर, अशी गत. तिनं वस्तीला टाकीपाशी गोळा केलं आणि सांगितलं की सगळ्या जाळ्या उतरवून खिंडीत न्यायच्या. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी ती, त्या दिवशी कुणाला ऐकेना. गवंडी पुढे झाला. बोलायला फाटका, पण हाताचा सढळ माणूस. “पावसाकडचे, तू म्हणतेस तर नेऊ. पण महिनाअखेरीपर्यंत टाकीत पाणी पडलं नाही, तर आम्ही चाललो.”

नेमक्या त्याच दिवसांत नवरा ढगोबांना परत आणून सोडायच्या बोलीवर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी खाली घेऊन गेला. तारीख मिळाली होती, ती सोडली असती तर परत कधी मिळाली असती कोण जाणे. जाताना ते म्हणाले, “धुकं आल्याशिवाय तोंड ठरवू नको.” ती हो म्हणाली. पण धुकं येईल कधी आणि खांब पुरायचे कधी? माणसं हातातली कामं टाकून आली होती. गवंड्यानं उरलंसुरलं पाणी घालून सिमेंट कालवलं होतं, पिण्याचं पाणी! भर दुपारी खिंडीतून वारा सणसणत येत होता, टोप्या उडत होत्या. तिनं काठीला चिंधी बांधून धरली. चिंधी ताठ उभी राहिली. तिनं हात दाखवला, “जाळ्यांचं तोंड इकडे.” खांब उभे राहिले, सिमेंट सुकलं, जाळ्या ताणल्या. संध्याकाळी उतरताना ती कितीतरी दिवसांनी हसली.

महिनाअखेर दोन दिवसांवर आली तेव्हा ढगोबा डोळ्याला हिरवी पट्टी लावून परतले. आणि शेवटच्या पहाटे कुणीतरी ओरडलं, “आलं! धुकं आलं!”

वस्ती जशी होती तशी पळत सुटली, हंडे, बादल्या, डबे घेऊन. ती सासऱ्यांचा हात धरून चढली. खिंड पांढरीफटक झाली होती, हाताचा पंजा दिसेना. असं दाट धुकं तिनं सबंध वर्षात पाहिलं नव्हतं. ती धावत पहिल्या जाळीपाशी गेली आणि हात लावला. जाळी कोरडी. दुसरी कोरडी. पन्हळीत बोट घातलं, धूळ निघाली. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपला डावा कान ओला आहे, डावा गाल ओला आहे, आणि उजवा सुका.

धुकं बाजूनं येत होतं. जाळ्या त्याच्याकडे कड करून उभ्या होत्या आणि ते त्यांच्या मधल्या गल्ल्यांतून शिस्तीत निघून चाललं होतं.

ती ओरडली, “फिरवा! जाळ्या फिरवा!” पण सिमेंटातले खांब फिरवणार कसे? चार जणांनी एका जाळीचे दोर सोडले, ओढाओढीत जाळी उभी फाटली. तिनं डोक्यावरची शाल काढली, दोन्ही हातांनी ताणली आणि धुक्याला आडवी उभी राहिली. तिचं बघून बाकीच्यांनी चादरी आणल्या, सदरे काढले. माणसं कापडं धरून ओळीनं उभी राहिली, कापडं पिळत राहिली. ऊन वर आलं, धुकं विरलं, आणि सगळ्यांचं मिळून अर्धं पिंपही भरलं नाही.

टाकीपाशी सगळे जमले. गवंड्यानं रागानं हातातली बादली आपटली. “एवढं धुकं डोळ्यांदेखत गेलं! प्यायचं पाणी घालून सिमेंट केलं मी! जाळ्या अशा लावायला सांगितल्या कुणी?”

तिनं तोंड उघडलं. पण सासरे आधी बोलले. “मी सांगितल्या.”

“तुम्ही तर इथे नव्हतात.”

“जाण्याआधी सांगून गेलो होतो. दुपारच्या वाऱ्यावर लाव म्हणालो. म्हातारपण, डोकं चालेनासं झालंय.”

“नाही!” ती किंचाळलीच. “बाबांनी उलट सांगितलं होतं! मीच ऐकलं नाही. चूक माझी आहे, माझी एकटीची!”

गवंड्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या आवाजातला राग उतरला. तिला तेच सहन झालं नाही. “राहू दे गं. सासऱ्याला पाठीशी घालतेस, कळतंय आम्हाला.” मग तो ढगोबांकडे वळला. “जन्मभर तुमच्या शब्दावर चाललो आम्ही. डोळे गेले होते तर गप्प बसायचं होतं.” म्हाताऱ्यानं मान खाली घातली. ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. प्रत्येकानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि कुणीही विश्वास ठेवला नाही.

दुपारी ट्रक आला. खांद्यावरून न्या म्हणणारे ढगोबा कुणी सांगायच्या आत काठी टेकत निघाले आणि सगळ्यांच्या आधी मागच्या फळीवर जाऊन बसले. ती शेजारी बसली. तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. “का केलंत बाबा असं?”

“मी किती दिवसांचा? तुला या माणसांत राहायचंय.” मग ट्रक सुटताना, “रडू नको. पाणी वाया जातं.” हा त्यांचा विनोद होता. तिला हसू आलं नाही.

बंदरातल्या इमारतीत सगळ्यांना एकाच मजल्यावर खोल्या मिळाल्या. नळाला पाणी होतं, धो धो. ढगोबा बाहेरच्या व्हरांड्यात खाट टाकून पडायचे. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जायचे. ढगोबा म्हणून हाक मारणं सगळ्यांनी बंद केलं होतं, आणि दुसरी हाकही कुणी मारत नव्हतं. तिनं गवंड्याच्या बायकोला गाठून एकदा शेवटचं सांगितलं, शपथ घेऊन. ती बाई गहिवरली. तिनं पावसाकडचीला हात धरून खाटेपाशी आणलं आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर म्हणाली, “लायकी नसताना अशी सून मिळाली तुम्हाला. अजून तुमचं पाप आपल्या अंगावर घेतेय.”

“खरं आहे,” सासरे म्हणाले, आणि तिला काही बोलता येऊ नये म्हणून त्यांनी तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं.