कागदावरचं पाऊल

एडिथा गुंबानचे पाय मोठे होते, आणि पन्नाशी उलटली तरी ती गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती. शाळेत पोरं "आल्या बघा दोन होड्या!" म्हणून चिडवायची. इलोइलो शहराच्या बाजारात तिच्या मापाचे बायकांचे बूट कधी मिळालेच नाहीत. मग जुन्या मालाच्या ढिगातून पुरुषांचे पांढरे बूट उपसायचे आणि कुणी बघितलंच तर "नवऱ्यासाठी हो" म्हणून दडपून सांगायचं. नवरा तिने केलाच नव्हता.

सूतिकागृहात मात्र थोरली नर्स म्हणून तिच्या शब्दाला वजन होतं. नवी नर्स आली की एडिथा आधी तिच्या पायांकडे बघे.

"अंगावरचे स्क्रबचे कपडे ढगळ असले तरी चालतील गं, बूट नीट घ्या. वरून बंद हवेत, रक्त-पाणी आत जाता कामा नये. ते भोकाभोकांचे गोंडस प्रकार घरी मिरवा. तळ घसरणारा नको, टाच धरून ठेवणारा हवा. आणि घ्यायला जायचं ते संध्याकाळी, पाय सुजल्यावर. तेव्हा बोटं हलली तर ते बूट तुमचे."

पोरी पाठ फिरली की तिची नक्कल करायच्या, पण बूट तिने सांगितले तसलेच घ्यायच्या.

अबू धाबीला घरकाम करणाऱ्या धाकट्या बहिणीचा, नेल्फाचा, एकदा फोन आला. "मानंग," थोरल्या बहिणीला ती अशीच हाक मारायची, "पायाचं माप पाठव. या खेपेला घरी पाठवायच्या पेटीत तुला बूट घालते. खास नर्सचे, दुकानात बघून ठेवलेत."

माप पाठवायचं म्हणजे आमच्याकडे कागदावर पाऊल ठेवून भोवती पेन फिरवतात आणि तिकडे निघालेल्या माणसाच्या हाती कागद देतात. निघाली होती शेजारची लोर्ना. तिच्या पोटात काही राहत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. एडिथाने पाऊल ठेवलं तर ते वहीच्या कागदात मावेना. लोर्ना हा कागद विमानात दहाजणांना दाखवून हसणार, असं तिला वाटलं. तिने बोटं आखडली, पेन आत तिरपा धरला आणि छानसं, नाजूक पाऊल काढलं. पोरींना शहाणपण शिकवणाऱ्या बाईने हे केलं.

काही महिन्यांनी पेटी आली. साबण, चॉकलेटं, दूध पावडरचे डबेच डबे, ताकदीच्या गोळ्या, आणि तळाशी ते बूट. पांढरेशुभ्र, बंद, तळ असा की तेलावरही घसरायचा नाही. एडिथाचं पाऊल अर्ध्यावर अडलं. एवढं दूध कशाला पाठवलं, असं मनात आलं, पण ते तेवढ्यापुरतंच.

"घालून दाखव ना, मानंग!" नेल्फा व्हिडिओ कॉलवर म्हणाली. एडिथाने नुसती बोटं आत खुपसली आणि फोन समोरून धरला. नेल्फाने टाळ्या वाजवल्या.

खोटं निभावायचं म्हणून ती ते बूट टाच चेपून, चपलेसारखे घालू लागली. एका दुपारी नुकतं जन्मलेलं बाळ वजनकाट्याकडे नेताना टाचेखालून बूट निसटला आणि ती तोल जाऊन पुढे गेली. डॉक्टर सोंबिलोननी तिचा दंड धरला म्हणून बाळ हातात राहिलं.

"काय झालं?"

"फरशी ओली होती," एडिथा बोलून गेली.

फरशी पुसणाऱ्या बेरोंगला सगळ्यांसमोर बोलणी बसली. म्हातारा कोरड्या फरशीवरून पुन्हा फडकं फिरवू लागला. एडिथाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तरी तिने खरं सांगितलं नाही.

नाताळला नेल्फा घरी आली. दारात चपला काढल्या, बहिणीला मिठी मारली आणि तिचा दंड, पाठ चाचपून बघू लागली.

"बरी आहेस ना गं? खरं सांग, डॉक्टर काय म्हणतात?"

"मला काय धाड भरलीय?"

"कागदावर मी माझं पाऊल ठेवून बघितलं, मानंग. तंतोतंत माझ्याएवढं! लहानपणी तुझ्या बुटात कागद कोंबून शाळेत जायचे मी. मला वाटलं, तू अंगानं आटलीस आणि आमच्यापासून लपवतेयस. रडले रात्रभर. मग सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या घरची कामं धरली, दूध-गोळ्यांपुरती."

एडिथाने सपाता काढल्या आणि आपलं पाऊल नेल्फाच्या पावलाशेजारी ठेवलं. ते चांगलं दोन बोटं पुढे आलं.

नेल्फा बघत राहिली. हसली नाही. "म्हणजे आजारी नव्हतीस?"

"नाही. लाज वाटली गं, लोर्नाची."

कोपऱ्यात टाच चेपलेले ते बूट होते. नेल्फाने एक उचलला, चेपलेली कड अंगठ्याने सरळ करायचा प्रयत्न केला. ती सरळ होईना.

"लोर्नाची लाज ठीक आहे," ती हळूच म्हणाली. "पण तुझ्या बुटांत चालत मी शाळेला गेले, मानंग. ते पाय माझ्यापासून कशाला लपवलेस?"

दुसऱ्या दिवशी एडिथा पुरुषांचे जुने बूट घालून कामावर गेली, आणि सगळ्यांच्या आधी फरशीवाल्या बेरोंगला शोधू लागली.