पाणी येतं का?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईबाबांना ठाऊक आहे, कारण ते तिथेच उभे होते. पण घरात आम्ही त्यावर बोलत नाही. तुला सांगते.

मला तू पत्रकांवरून ओळखत असशील. 'जागे व्हा, बदलापूरकर!' — तो मथळा माझा. उन्हाळा भाजून काढतोय, पाऊस एकदम कोसळतोय, नदीच्या पूररेषेत बिल्डिंगा चढतायत आणि लोक ढिम्म! स्टेशनबाहेर घसा फोडून सांगितलंय मी हे. लोकांना कळत नाही म्हणून ते गप्प आहेत, असं आम्हाला संघटनेच्या शिबिरात शिकवलं होतं. जनजागृती करा, मग लोक उठतील.

साफ खोटं. लोकांना सगळं कळतं. मला कसं माहीत? थांब — सांगते.

आमचं जुनं घर नदीजवळ, तळमजल्यावर. एका पावसाळ्यात नदी आत आली, पार स्विचबोर्डच्या वर. आम्ही गाळ उपसला, फ्रिज फेकून दिला. त्यानंतर आमच्या बिल्डिंगमध्ये 'पूर' हा शब्द कुणी उच्चारला नाही. 'त्या वेळचं' म्हणायचे. गेटवर कुणी घर बघायला आलं की तेवढंही नाही. कुणी ठरवलं हे? कुणीच नाही. प्रत्येकाला आपलं घर कधीतरी विकायचं होतं. आणि मी? मी त्याच बिल्डिंगच्या जिन्यात बसून लोकांच्या बेफिकिरीवर पत्रकं लिहीत होते.

बाबा आनंदनगरच्या कंपनीतून रिटायर झाले आणि आम्ही नदीपासून लांब, खरवईला वरच्या मजल्यावर घर घ्यायचं ठरवलं. जुन्या घराच्या भिंतीवर गाळाचा पट्टा होता. बाबांनी तो ऑइलपेंटने झाकला. डबा मी धरला होता.

घर बघायला वैशालीताई आल्या. अंबरनाथला शिवमंदिराजवळ त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान. सासूबाईंना जिना चढवत नव्हता, म्हणून तळमजलाच हवा होता.

"पाणी येतं का गं इथे?"

"येतं ना! सकाळ-संध्याकाळ. प्रेशर पण मस्त."

कळलं होतं मला — मुद्दाम नळावर नेलं.

त्या हसल्या. "अगं बाई, नळाचं नाही. नदीचं!"

इथे तरी थांबता आलं असतं. आई पदराशी चाळा करत होती, बाबा खिडकीबाहेर बघत होते. उत्तर माझ्यावरच आलं होतं.

"छे! नदी कुठे, आपण कुठे!"

"तूच ना ती स्टेशनवर पत्रकं वाटणारी? तू सांगतेस म्हणजे प्रश्नच मिटला."

ऐकलंस? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यांनी चार ठिकाणी चौकशी केली असती. पत्रकांनी कमावलेला भरवसा मी तिथे, उभ्या उभ्या, वापरला.

त्यांनी घर घेतलं. पुढच्याच पावसाळ्यात नदी परत आत आली. बिल्डिंगमधल्यांनी सासूबाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून वर नेलं. तोवर त्या गळ्यापर्यंत पाण्यात बसून होत्या. पाणी ओसरल्यावर मी संघटनेच्या चादरी घेऊन गेले. हो — गेले. वैशालीताई वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होत्या. सासूबाई त्याच खुर्चीत, खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून. जमिनीवर पाय टेकवायला तयार नव्हत्या.

वाटलं, आता शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या. पण वैशालीताई म्हणाल्या, "जाऊ दे गं. तुला तरी काय माहीत असणार!"

मला माहीत होतं. माईक हातात नसतानाही शेवटच्या माणसापर्यंत माझा आवाज पोचतो — आणि समोर बसलेल्या बाईला एवढं सांगता आलं नाही?

"हो ना," मी म्हणाले, "कुणाला कल्पना होती!"

त्यांनी आपल्या हातातला चहाचा कप माझ्यापुढे धरला. मी प्यायले.