सिस्टरचे कंद

हातात काहीही आलं, की सिस्टर ते आधी अंगठ्यानं दाबून बघायच्या. बाजारातला कांदा, वाटीतला पेढा, शेजारच्या पोराचं दुखणारं पोट, सगळ्याला तोच अंगठा. कांदा कडक असला तर चांगला आणि पोट कडक असलं तर वाईट, एवढाच काय तो फरक. निकाल मात्र कांदेवाल्याला आणि पोराच्या आईला एकाच आवाजात ऐकवायच्या. तुमच्या ओळखीतही असं एखादं माणूस असेल.

दौंडच्या रेल्वे कॉलनीत आमचं क्वार्टर त्यांच्या क्वार्टरला लागून. मी पार्सल ऑफिसात, त्या रेल्वेच्या दवाखान्यात नर्स. नवरा लवकर गेलेला, मुलगा कारेगावला कंपनीत. अख्खी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणायची. त्यांच्याहून वयानं मोठे, समोरच्या क्वार्टरातले आप्पासुद्धा.

त्यांच्या दाराशी विटा तिरक्या रोवून केलेला एक वाफा होता. त्यात मे फ्लॉवर. उन्हाळ्यात जमीन तापून निघालेली असताना मातीतून नुसता दांडा वर यायचा आणि त्यावर लालभडक गोंडा फुलायचा. पानं मागाहून. एका कंदाला वर्षातून एकच फूल. हे कंद सिस्टरनी निमोण्याहून, आईच्या अंगणातून आणलेले. ते घर, ते अंगण आता राहिलेलं नव्हतं. बुद्धपौर्णिमेला पहिली फुलं विहारात जायची, उरलेली आम्ही शेजारी बघायचो. तोडायला परवानगी नव्हती. माझ्या बायकोनं एकदा एक कंद मागितला, तर म्हणाल्या, “तुझ्या घरात पाणी लई सांडतं. न्हाई जगायचा.” बायको आठवडाभर घुश्शात होती.

आता तुम्ही म्हणाल, ह्यात पाण्याचा काय संबंध? संबंध आहे. थंडीत ह्या झाडाची पानं पिवळी पडून वाळून जातात. कंद खाली विश्रांती घेतात. त्या दिवसांत सिस्टर वाफ्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. पाण्याचा थेंब नाही. पण त्यांनी हे कधी कुणाला समजावून सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

निवृत्तीला थोडे महिने उरले आणि सिस्टरच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. दिवाळीनंतर मुलगा त्यांना कारेगावला घेऊन गेला. इकडे वाफ्यातली पानं वाळायला लागली. बायको हळहळली. “बाई घरात न्हाईत तर झाडंबी सुकली,” म्हणाली. आमच्या नळाला पाणी दिवसाआड यायचं. आपल्या प्यायच्या पाण्यातली कळशी बाजूला काढून ती वाफ्याला घालू लागली. तिकडे आप्पाही स्वतःच्या अंघोळीतून वाचवलेली बादली संध्याकाळी ओतायचे. दोघांना एकमेकांचं ठाऊक नव्हतं. मी दोघांनाही पाहिलं आणि मला कौतुकच वाटलं.

हिवाळा सरल्यावर सिस्टर क्वार्टर रिकामं करायला आल्या. बाकीचं सामान मुलावर सोपवून त्यांनी आधी खुरपं घेतलं. मी ड्यूटीवरून येत होतो. वाफ्याशी स्टूल टाकून त्या बसल्या होत्या. एक कंद काढला, अंगठ्यानं दाबला. अंगठा आत गेला. दुसरा काढला, तोही तसाच. आंबूस वास मला फाटकापर्यंत आला.

“काय झालं हो?” मी विचारलं.

“कुजले. पाणी बसलं.”

“सगळे?”

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात आमची बायको चहा घेऊन बाहेर आली. “सिस्टर, नळ दिवसाआड येतोय, तरी तुमच्या फुलांची कळशी चुकवली न्हाई बरं का.”

सिस्टरनी हातातला लगदा मातीखाली सारला आणि वर माती ओढली. “व्हय गं बाई, दिसतंय की. लई केलंस. कडक हायत बघ सगळे.” आणि चहा घेतला.

ती आत गेल्यावर मी म्हणालो, “नर्सरीत मिळतील. मी आणून देतो.”

“मिळत्यात की. आईच्या अंगणातले मिळत्यात का?” मग खुरपं पुसता पुसता म्हणाल्या, “तिला बोलाल तर बघा. प्यायचं पाणी घातलंय तिनं.”

टेम्पोत सामान चढवताना एक पोतं मी उचललं. “निजल्यात ते. हळू ठेवा,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. आप्पांनी खालून हात लावला. पोत्यात नुसती माती होती.

नंतर दर मे महिन्यात बायको फोन लावायची. “आली का फुलं?” तिकडून उत्तर यायचं, “आली की. लालभडक.” फोटो मागितला की सिस्टर म्हणायच्या, “मला न्हाई बाई त्या फोनातलं काही येत.” इकडे मला त्यांचे सकाळचे ‘जय भीम’ व्हॉट्सॲपवर न चुकता येत होते, चित्रासकट.

यंदा उन्हाळ्यात आठ-दहा दिवस दवाखान्यात काढून सिस्टर वारल्या. आम्ही कारेगावला मुलाला भेटायला गेलो. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कुंड्या ओळीनं मांडलेल्या होत्या. माती भुसभुशीत, तण काढलेलं, वर एक काडी नाही. मुलगा म्हणाला, “आई सकाळ-संध्याकाळ हितंच बसायची. कुणाला हात लावू द्यायची न्हाई.”

बायकोनं माती चिमटीत धरून पाहिली. “त्या दवाखान्यात, आन् ह्यांना कुणी घोटभर पाणी दिलं न्हाई,” म्हणाली, “कशी येतील फुलं?” आणि आतून तांब्या भरून आणला.

मुलानं माझ्याकडं पाहिलं. त्याला माहीत होतं. मी मानेनंच नको म्हणालो. बायको रडत रडत एकेका कुंडीपाशी बसली आणि खालचे कंद उघडे पडू नयेत म्हणून धार आपल्या तळहातावर घेत हळूहळू पाणी सोडत राहिली.