कोंबडीमास्तरांचा पाहुणचार

गडमुडशिंगीत आमच्या अंगणात येणारा प्रत्येक पाहुणा आधी माणसांची खुशाली विचारायचा. कोंबडीमास्तर आधी कोंबड्यांची. आल्या आल्या ते खुराड्यापाशी उकिडवे बसायचे, विष्ठा निरखायचे आणि मगच म्हणायचे, "ब्येस हाय. आता च्या टाका, वहिनी." हात धुवायची आठवण मलाच करून द्यावी लागायची.

परसात चार कोंबड्या पाळणाऱ्या बायकांना शिकवायला कृषी विद्यापीठाने त्यांना नेमलं होतं. नव्वदच्या दशकात हेसुद्धा कुणी शिकवतं याचंच आम्हाला नवल. बर्फाच्या थर्मासात मानमोडीची, कोंबड्यांची खुराडी रिकामी करणाऱ्या रोगाची, लस घेऊन ते स्कूटरवरून यायचे, तेही दिवेलागणीला, कोंबड्या घरी परतल्यावर. "वर्गात पोरंच न्हाईत तर तास कुणाचा घ्यायचा?" म्हणत एकेकीला काखेत धरायचे. हातभर चोचींचे ओरखडे, पण चिडलेले कधी दिसले नाहीत. आम्ही बायका मात्र चिडण्यासारखं पुष्कळ करायचो.

एकदा त्यांनी आमच्या गल्लीसाठी सुधारित जातीचा कोंबडा आणला. तांबडा, उंचापुरा, पैलवानासारखा. त्याची पिल्लं दांडगी निपजणार होती. मास्तरांच्या साहेबांना हा सगळा उद्योगच फुकटचा वाटायचा. ते स्वतः पाहायला येणार होते. कोंबडा आणि पिल्लं पसंत पडली तर गावातले वर्ग चालू राहणार, नाहीतर बंद. "सायेब येईस्तवर ह्येला जपा, मावशी," मास्तरांनी माझ्या सासूबाईंना बजावलं. सासूबाईंनी त्याला शेंगदाणे घालून जपलं.

साहेब आले. सासूबाई म्हणाल्या, "आदी जेवा, मग काय बगायचं ते बगा." साहेबांनी तांबडा रस्सा पुन्हा पुन्हा मागून घेतला. हात पुसत म्हणाले, "चला, दाखवा आता तो कोंबडा."

"आता कुटला दाखवू?" सासूबाई चकित. "खाल्लासा की तुमी!"

मी पदर तोंडात कोंबला. सासूबाईंना चुकलं काय तेच कळेना. एवढा मोठा माणूस दारी आल्यावर त्याच्या ताटात गल्लीतलं सगळ्यात चांगलं कोंबडं नाही वाढायचं, तर काय मरतुकडं वाढायचं? मास्तरांचा चेहरा उतरला होता, तरी ते म्हणाले, "साहेब, मावशींनी होतं त्यातलं उत्तम तुम्हाला दिलं." साहेब हसले नाहीत. पिल्लांकडे न बघताच जीपमध्ये बसले, आणि वर्ग बंद झाले. मास्तर आम्हाला एका शब्दानेही बोलले नाहीत. मला मात्र रात्री जेवण गेलं नाही.

पुढे कित्येक वर्षं, गुडघे साथ देत होते तोवर, ते येतच राहिले. गेल्या महिन्यात ते वारल्याचं कळलं, तेव्हा वर्ग बंद झाल्यानंतरची त्यांची पहिली खेप आठवून मला रडू कोसळलं.

त्या दिवशी दिवेलागणीला स्कूटर वाजली. थर्मास घेऊन मास्तर दारात उभे.

"इद्यापीठानं बंद केलंय न्हवं?" सासूबाईंनी विचारलं.

"इद्यापीठानं केलंय. मानमोडीला कुटं ठावं हाय त्ये?"

सासूबाई आत आल्या. आता कुठल्या कोंबडीवर संक्रांत येते म्हणून मी धास्तावले. त्या म्हणाल्या, "पिटलं टाक."

"आत्ती, पाहुण्याला पिठलं?"

"पावणा कुटला? घरचा माणूस हाय त्यो. घरच्यासाठी कोण कोंबडं कापतं व्हय?"

मास्तर खुराड्यापाशी बसले होते. त्यांनी ऐकलं असावं. काखेतली कोंबडी खुराड्यात सोडून त्या दिवशी ते न सांगता हात धुवायला उठले.